‘पटकन’ नावाची थाप

परवा रविवारी ताईकडे गेले होते. दारातून हाक मारली की आतून खणखणीत ‘ये की गं’ ऐकू यायचं, ही इतक्या वर्षांची सवय. परवा ते आलं नाही. आत जाऊन बघते तर ताई आणि तिचा नातू जमिनीवर समोरासमोर बसलेले आणि मधे चित्रांचे पत्ते पसरलेले. ताईने एक पत्ता वर धरला आणि वर्गात बाईंनी उभं केल्यासारखं म्हणाली, "धिस इज अ कॅट." पिल्लू (सगळे त्याला पिल्लूच म्हणतात) पत्त्याकडे बघेना, आजीच्या तोंडाकडे बघत राहिलं. मग उठलं आणि खुर्चीखाली जाऊन बसलं.

माझी ताई म्हणजे भाजीवालीपासून गॅसवाल्यापर्यंत कुणालाही पाच मिनिटं उभं करून बोलणारी बाई. घरात कुणी नसलं तर कुंडीतल्या तुळशीशी बोलेल. ती नातवासमोर शब्द मोजून बोलत होती. मी विचारलं, "अगं, हे काय चाललंय?" तर म्हणाली, "शाळेत सांगितलंय, घरी इंग्लिशच बोला. आता मला कुठलं येतंय? म्हणून मी त्याच्याशी जास्त बोलतच नाही बघ. माझं बोलणं हे असलं. पोराला लागायचं."

पोराला लागायचं! जणू काही आजीचं बोलणं म्हणजे सर्दी-खोकला.

पिल्लू दोन वर्षं आठ महिन्यांचं आहे. ‘शाळा’ म्हणजे नर्सरीच्याही आधीचा वर्ग, सकाळचे तीन तास. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण हे एकाच शाळेचं दुखणं नाही. तिथल्या पालकसभेत भाचीला जे सांगितलं गेलं ते तिने मला शब्दशः ऐकवलं, "या वयात मुलं पटकन शिकतात मावशी, हीच वेळ असते. नंतर जमत नाही."

तर माझं आजचं भांडण या ‘पटकन’ शब्दाशी आहे. भाचीशी नाही, हे आधीच सांगते, कारण हे वाचून संध्याकाळपर्यंत घरातल्या चार जणांचे फोन येणार आहेत. :-) तिच्याजागी मी असते तर मीही तेच केलं असतं. नव्हे, केलंच आहे. त्याबद्दल पुढे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. लहान मुलं पटकन शिकतात ही थाप आहे. लहान मुलं *भरपूर* शिकतात. खूप वेळ, खूप वेळा, न कंटाळता, पडत-चुकत शिकतात. आपण ते मोजत नाही, म्हणून आपल्याला ते ‘पटकन’ वाटतं. आणि एकदा ‘पटकन’ म्हटलं की त्या शिकण्याला लागणारा वेळ, जमीन आणि माणसं काढून घ्यायला आपण मोकळे होतो.

साधी चालण्याची गोष्ट घ्या. फोनवर आपण सांगतो, "अगं, काल उभा राहिला आणि आज चाललासुद्धा!" न्यूयॉर्कमधल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ या बाईंचं आयुष्य बाळं चालतात कशी हे बघण्यात गेलंय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळत असताना त्यांची पावलं खरोखर मोजली आणि २०१२ साली ते प्रसिद्ध केलं. सरासरी तासाला २,३६८ पावलं. अंतर सुमारे ७०० मीटर. आणि तासाला १७ वेळा पडणं. मूल दिवसातले सहा तास जरी असं हिंडलं, तरी १४ हजार पावलं होतात आणि शंभर वेळा आपटणं होतं. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी आपापल्या मोबाईलमधला आकडा काढून बघावा आणि मग कोण जास्त कष्ट करतं ते ठरवावं.

याला पटकन म्हणायचं? आपण मोठी माणसं गाडी शिकताना दोनदा क्लच सुटून गाडी बंद पडली की ‘मला नाही जमणार’ म्हणून चावी परत देतो. हे पोरगं दिवसात शंभर वेळा पडतं आणि संध्याकाळी परत उठून उभं राहतं. वेग हा त्याचा गुण नाहीच. त्याचा गुण आहे न लाजणं. पडल्याची लाज अजून त्याला कुणी शिकवलेली नसते.

आता माझा कबुलीजबाब. पिल्लू नऊ महिन्यांचं असताना त्याला वॉकर मी आणून दिला. मधे बसायला कापडी झोळी, खाली चाकं, समोर गाणी वाजवणारी बटणं, असा तो प्रकार. दुकानदार म्हणाला, "मूल लवकर चालतं, ताई." मी मोठ्या कौतुकाने पैसे दिले. एके दिवशी पिल्लू त्या वॉकरसकट भरधाव उंबऱ्यापर्यंत गेलं. पुढे तीन पायऱ्या. जावयाने झडप घालून धरलं म्हणून निभावलं. त्यानंतर मी जरा वाचलं, तेव्हा कळलं की कॅनडाने २००४ सालीच असल्या वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे आणि अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना २००१ पासून बंदी मागते आहे. पायऱ्यांवरून पडण्याची भीती तर आहेच. शिवाय त्यात बसून मूल लवकर चालायला लागतं याला आधारच नाही. उलट १९९९ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात वॉकरमधली मुलं बसायला, रांगायला आणि चालायला इतरांपेक्षा उशिरा शिकलेली दिसली. लवकर व्हावं म्हणून घेतलेली वस्तू उशीर करते!

आणि गंमत म्हणजे आपल्याकडे याहून शहाणी वस्तू पिढ्यान् पिढ्या होती. पांगुळगाडा. तीन लाकडी चाकं आणि धरायला एक दांडी. त्यात झोळी नाही, बसायची सोयच नाही. मुलाने आधी स्वतः उठायचं, स्वतः दांडी धरायची, स्वतः ढकलायचं. अंगाचं वजन पायावर, आणि गाडा पुढे पळाला की पडणंही आपलं आपल्यालाच. तोही कुणीतरी लक्ष ठेवूनच द्यायचा, हे खरं. पण पांगुळगाड्यात मूल गाडा चालवतं आणि वॉकरमध्ये गाडा मुलाला चालवतो. लहान मुलांच्या शिक्षणात आज जे जे विकायला ठेवलंय, ते बघताना मी आता मनात एवढंच विचारते, हा पांगुळगाडा आहे की वॉकर?

चित्रांचे पत्ते वॉकर. दीड वर्षाच्या मुलासमोर लावलेला अक्षरांचा व्हिडिओ वॉकर. अडीच वर्षांच्या बोटांत कोंबलेली पेन्सिल आणि चार रेघांची वही, वॉकर. आजीच्या मांडीवर बसून मटार सोलणं, पोळी करताना मिळालेला कणकेचा गोळा, बादलीतलं पाणी मगाने भांड्यात आणि भांड्यातलं पुन्हा बादलीत, हे सगळे पांगुळगाडे. यांची फी नसते आणि प्रमाणपत्रही मिळत नाही.

"पण लवकर सुरुवात केली तर पुढे राहील ना?" हा प्रश्न मला हमखास येतो, म्हणून एक जुना प्रयोग सांगते. १९२९ साली अमेरिकेत गेझेल आणि थॉम्प्सन यांनी दोन एकसारख्या जुळ्या बहिणी घेतल्या. एकीला ४६ आठवड्यांची असल्यापासून रोज पायऱ्या चढण्याचा सराव दिला, सहा आठवडे. दुसरीला काहीच नाही. मग ५३ आठवड्यांची झाल्यावर दुसरीला फक्त दोन आठवडे सराव दिला आणि ती पहिलीच्या बरोबरीला आली. दोनच मुलींचा प्रयोग, त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढू नये, मान्य. पण वाचनाबद्दलही न्यूझीलंडमध्ये असंच दिसलं. पाचव्या वर्षी वाचायला शिकवलेली आणि सातव्या वर्षी शिकवलेली मुलं अकराव्या वर्षी सारखीच वाचत होती. दोन वर्षं ‘पुढे’ असलेल्यांचं पुढेपण गेलं कुठे? विरघळलं. फिनलंडमध्ये आजही मुलं सातव्या वर्षी शाळेत बसतात आणि त्या देशाचं काही अडलेलं ऐकिवात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतल्या मुलांवरून तक्ते काढले. निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ त्यात आहे सुमारे ८ महिने ते साडेसतरा महिने. म्हणजे शेजारचं नवव्या महिन्यात चाललं आणि आपलं सतराव्या महिन्यात, तरी दोन्ही ठणठणीत असू शकतात. त्याच अभ्यासात शंभरातली चार-पाच मुलं गुडघ्यावर रांगलीच नाहीत, थेट उठून उभी! (इथे एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, आवाजाकडे वळून बघत नसेल, आलेले शब्द गमावत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नका, डॉक्टरकडे जा. घाई करू नका म्हणजे दुर्लक्ष करा असं नव्हे.)

आता भाषेकडे येते, कारण ताईची जीभ तिथेच बांधली गेली आहे.

बाळांचे कान ही खरोखर अचाट गोष्ट आहे. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी एक अभ्यास केला, त्यात आपला ट आणि आपला त आहे. म्हणजे त्यांनी हिंदीतला घेतला, पण तो फरक आपलाही आहे. ‘टाळ’ आणि ‘ताळ’ यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना सहसा ऐकूच येत नाही. पण इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ऐकू येत होता! आणि वर्षाची होता होता तीच बाळं तो फरक विसरली. का? तर घरात कुणी तसं बोलतच नव्हतं. जे कानावर पडत नाही, ते कान सोडून देतात.

पुढचं अजून महत्त्वाचं. २००३ साली पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारं माणूस जमिनीवर बसून खेळलं, पुस्तकं दाखवली. अशा बारा बैठका. काही बाळांना तेच माणूस, तेच शब्द, पण पडद्यावर दाखवले. पहिल्या गटातल्या बाळांच्या कानांना चिनी आवाजांतले फरक कळायला लागले. पडद्यासमोर बसलेल्यांना काही म्हणजे काहीच कळलं नाही. माणूस समोर नसेल तर एवढ्याशा बाळाचं भाषेचं दुकान बंद! याच कारणाने असेल किंवा डोळ्यांच्या-झोपेच्या काळजीने, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून टाकलं की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासापेक्षा जास्त नको.

आता या सगळ्याचा अर्थ ताईच्या घरात काय होतो ते बघा. पिल्लूपाशी दिवसभर असणारं माणूस एकच, त्याची आजी. त्याची भाषा तिच्या तोंडून यायची. गोष्टी, शिव्या (हो, त्याही!), देवाची नावं, नातेवाइकांच्या नकला, ‘काय करालाईस रे?’, ‘हिकडं ये बघू’, सगळं. तिला आपण सांगितलं, तू गप्प बस. तिच्या जागी काय आलं? तर ‘धिस इज अ कॅट’. दिवसाला हजारो शब्द बोलणारी बाई बंद करून आपण वीस पत्ते आणले, आणि म्हणायचं काय, तर मूल भाषा पटकन शिकतं!

कोल्हापुरातल्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना गंमत वाटते. अडीच वर्षांचं पोर आजीचं ‘मी आलो’ आणि टीव्हीवरच्या बाईचं ‘मी आले’ दोन्ही ऐकतं, आणि कुणाशी काय बोलायचं हे आपलं आपण बसवतं. एवढं व्याकरण आम्हाला शाळेत दहा वर्षांत नीट आलं नाही. हे काम ते ज्या डोक्याने करतं, त्याच डोक्याने ते इंग्रजीही करेल, उद्या कानडीही करेल. पण त्याला आधी एक भाषा अशी लागते जिच्यात त्याला रडता येतं, हट्ट करता येतो, खोटं बोलता येतं. तीच काढून घेतली तर बाकीच्या उभ्या कशावर राहणार?

‘पटकन’चा हा धंदा फक्त खासगी वर्गांचा आहे असंही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दोन ते आठ या वयात मुलं भाषा फार लवकर आत्मसात करतात असं म्हटलं आहे. त्याच धोरणात तीन ते आठ वर्षांचं शिक्षण खेळातून व्हावं असं आहे, आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यात या वयासाठी मातृभाषेवर भर आहे. पण गंमत बघा, यातलं ‘खेळ’ आणि ‘मातृभाषा’ कुणाच्या लक्षात राहत नाही, ‘लवकर’ मात्र राहतं. आपल्या राज्यात एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणायचा निर्णय निघाला. त्यावर रण माजलं आणि जूनअखेर सरकारने तो मागे घेतला. त्या वादात हिंदी-मराठीचं राजकारण सगळ्यांनी केलं. मला खटकली ती ‘लहान मुलं काय, भाषा पटापट उचलतात’ ही सबब. उचलतात. आजूबाजूला जगली जात असेल तर उचलतात. आठवड्याच्या चार तासिकांतून सहा वर्षांचं मूल भाषा उचलत नाही, फक्त दप्तर उचलतं. १९९३ साली यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला होता. त्याला तीस वर्षं उलटून गेली. ओझं आता खाली सरकत सरकत अडीच वर्षांच्या पाठीवर आलंय.

आणि आपल्या मातीत हे कळणारी माणसं नव्हती असं नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

ताराबाई मोडक माँटेसोरींची पद्धत नीट शिकल्या, गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, आणि १९४५ साली बोर्डीला जाऊन बालवाडी काढली. आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना ओढून आणलं नाही, शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून तो देशभर गेला. महागड्या परदेशी साधनांऐवजी त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघांनी हे काम वाढवलं. मूल जिथे आहे, जसं आहे, जे बोलतं, तिथून सुरुवात. आता आपण काय करतो? मुलाला झोपेतून उठवून व्हॅनमध्ये घालतो आणि त्याच्या अंगणाची भाषा दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला लावतो.

आणि लांब कशाला, इथे कोल्हापुरातच लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. ना. सी. फडक्यांची ही मुलगी. शिक्षक घडवण्याच्या कामातून निवृत्त झाल्यावर या बाई स्वस्थ बसायच्या सोडून मराठी माध्यमाची प्राथमिक शाळा काढून बसल्या. भीती नको, शिक्षा नको, एकमेकांशी शर्यत नको, मुलाने स्वतः करून बघावं, प्रश्न विचारावेत, आणि हे सगळं आनंदाने व्हावं, हा त्यांचा हट्ट. २०२० साली लीलाताई गेल्या. शहरात श्रद्धांजल्या भरपूर झाल्या. पण आपल्यातल्या किती जणांनी त्यांचं ऐकून आपल्या घरातला एक तरी क्लास बंद केला? मी नाही केला. माझ्या मुलीला मी पाचव्या वर्षी तीन क्लासला घातलं होतं. ती आता हसून सांगते, पण तिला त्यातलं काही येत नाही, आठवतो तो फक्त रिक्षातला कंटाळा.

कोल्हापूरला तर हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरजच नव्हती. आपल्या तालमी बघा. नवं पोरगं आलं म्हणून कुठला वस्ताद त्याला पहिल्या दिवशी खासबागेत उतरवतो? आधी माती उकरायची, मोठ्यांच्या कुस्त्या बघायच्या, जोर-बैठका मारायच्या, मातीत लोळायचं. पडायचं कसं हे आधी आणि पाडायचं कसं हे नंतर. पोहायला शिकायचं तर पाठीला डबा बांधून विहिरीत. डबा पाण्यावर तरंगवतो, पण हातपाय मारायचं काम पोराचं पोरालाच. हा सगळा पांगुळगाड्याचाच शहाणपणा. ज्या गावाला पैलवान कसा घडतो हे कळतं, त्या गावाला अडीच वर्षांचं मूल कसं घडतं हे कळू नये?

शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचं दुखणं हे, की मुलं शाळेत जातच नव्हती. तो दंड गरजेचा होता. आज शंभर वर्षांनी मूल नीट बोलायच्या आत आपण त्याला शाळेत नेऊन सोडतो, वर फी भरतो. आजच्या दुखण्यावर कुणी दंड ठेवला, तर पहिला रुपया मी भरेन, त्या वॉकरपायी.

आता दुसरी बाजू. भाची मला म्हणाली, "मावशी, तुला बोलायला सोपं आहे. आम्ही दोघंही नोकरीला जातो. आईला दिवसभर झेपत नाही. आणि इंग्रजी आलं नाही तर उद्या याला नोकरी कोण देणार? तू?" तिचं बरोबर आहे. पाळणाघर लागतं, त्यात कमीपणा काहीच नाही. तीन तास मुलांत खेळून येणं चांगलंच. इंग्रजीही हवं. इंग्रजी येत नाही म्हणून मुलाखतीत मान खाली घालणारी माणसं मी बघितली आहेत, त्यातली एक मीच. माझा विरोध इंग्रजीला नाही, शाळेलाही नाही. घरात कुणाला सहज इंग्रजी येत असेल तर त्याने खुशाल बोलावं, पिल्लू तेही उचलेल. माझा विरोध एवढ्यालाच आहे की आजीचं तोंड बंद करून ते आणू नका. त्याने इंग्रजी येत नाही, फक्त मराठी जाते. आणि मराठीबरोबर आजीही जाते, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. खुर्चीखाली जाऊन बसलेल्या त्या पोराच्या मात्र आलं असावं.

शाळा निवडताना नर्सरीत किती अक्षरं येतात हे विचारू नका. पोरं किती वेळ मोकळी असतात ते विचारा. जमिनीवर बसतात का, पडली की कोण उचलतं, बाई त्यांच्याशी *बोलतात* का, की त्यांच्याकडून म्हणवून घेतात? आणि कुणी ‘पटकन’ म्हटलं की विचारा, किती पडल्यावर?

परवा निघताना मी ते पत्ते गोळा करून कपाटावर ठेवून दिले. ताई म्हणाली, "अगं, तिनं बघितलं तर?" म्हटलं, माझं नाव सांग. मग चहा झाला. मी ताईला मुद्दाम आमच्या गावाकडच्या चुलत्यांचा विषय काढून दिला. त्यांचा विषय निघाला की ताई थांबत नाही, त्यांची नक्कल केल्याशिवाय तर नाहीच. पाचएक मिनिटांत पिल्लू खुर्चीखालून बाहेर आलं आणि तिच्या मांडीला टेकून उभं राहिलं. नक्कल संपली तेव्हा ते आजीचा हात ओढत म्हणालं, "परत सांग की."

तेच वाक्य, तोच ‘की’. कुणी शिकवला होता?

असो. फार लांबलं. भाचीने हे वाचलं असेल तर पत्ते कपाटावरच आहेत. आणि ताई, तू बोल. भरपूर बोल.